त्याच घरात वाढलेली तीन मुलं

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते घराच्या कागदांसाठी. गिरणी कामगारांच्या वारसांना म्हाडाच्या घराचे कागद जमवून देण्याचं काम मी करते. शिक्षण समाजकार्याचं, त्यामुळे कागदांच्या मागोमाग घरातली भांडणंही माझ्याकडे येतात. गिरणीतल्या नोकरीचा पुरावा म्हणून तिकीट, लाल पास, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पगारपावती, यांतलं काहीतरी लागतंच. आणि चाळीस वर्षांपूर्वीचा कागद ज्याच्या ट्रंकेत सापडतो, त्याला आपला हक्क दोन बोटं जास्त वाटायला लागतो.

या कुटुंबाला २०१६ च्या सोडतीत घर लागलं. वडील केव्हाच गेलेले, अर्ज आईच्या नावावर. साडेनऊ लाख भरायचे होते, ते थोरल्या मुलाने भरले. आई आणि धाकटा नव्या घरात राहायला गेले. काही वर्षं ठीक चाललं. मग आईचं वय झालं, पडणं-झडणं सुरू झालं, तसा थोरल्याने विषय काढला की आईच्या मागे हे घर धाकट्याच्या ताब्यात जाता कामा नये.

त्याला स्वतःला घर नको होतं. बेस्टमध्ये कंडक्टर, निवृत्तीला आलेला, कल्याणला स्वतःचा फ्लॅट. त्याचं म्हणणं एवढंच: "तो घर पिऊन टाकील. आम्ही पण त्याच घरात वाढलो ना? परिस्थितीने आम्हाला घडवलं. त्याने स्वतःला बिघडवलं. त्यात परिस्थितीचा काय दोष?"

एकाच आईबापांची तीन मुलं, एकच संकट, दोन उभी राहिली आणि एक कोसळला, तेव्हा दोष कोसळणाऱ्याचा. हिशेब वरवर बिनतोड वाटतो. गिरणगावात हा हिशेब मी इतक्या घरांत ऐकला आहे की या एका घरापुरता तो नीट तपासून पाहायचं ठरवलं. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, गिरणीचं नाव घेतलेलं नाही.

संपाआधीचं घर

वडील पाटण तालुक्यातले, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आई खानावळ चालवायची. त्या काळात गिरणगावातल्या हजारो पुरुषांची बायकापोरं गावाला असत. ते दहा-बाराजण मिळून एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला महिन्याच्या बोलीवर कुणाच्या तरी घरी जायचे. या घरी गावकीतली आठ-दहा माणसं जेवायची. नवऱ्याच्या पगाराला तिच्या कमाईचा टेकू होता, पण भांडवल सावकाराचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते आईच्या कानावर आलं होतं, पण तिथवर नेणारं कुणी भेटलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना (कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरतं काम मिळणाऱ्यांना) कायम करण्याच्या, आणि ज्या १९४६ च्या कायद्यामुळे मान्यताप्राप्त एकाच संघटनेला वाटाघाटींचा हक्क होता तो कायदा काढून टाकण्याच्या. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. लाखाहून जास्त माणसांची नोकरी त्यात गेली.

या घरावर घाव दोन बाजूंनी पडला. आई म्हणाली, "जेवनारी मानसं संपावर आन् वाढनारीचा मालकबी संपावर. पैकं मागायचं कुनाकडं?" दोनेक महिने तिने उधारीवर वाढलं. मग माणसं गावाला पांगली. खानावळीची मोठी पातेली विकली, मागोमाग मंगळसूत्रातले मणी. वडील काही महिने पाटणला जाऊन राहिले, १९८३ मध्ये परत आले आणि गेटवर उभे राहू लागले. गिरणीने घेतलं नाही. आईने दादरला तीन-चार घरांची धुणीभांडी आणि पोळ्या धरल्या.

संप सुरू झाला तेव्हा थोरला पंधरा वर्षांचा होता, मुलगी अकराची, धाकटा चारचा. ही वयं लक्षात ठेवावी लागतील.

दुपारी तीन वाजता

तिघांना मी वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला: १९८४ साली, सणवार नसलेल्या साध्या दिवशी, दुपारी तीन वाजता तू कुठे असायचास?

थोरल्याला आठवावं लागलं नाही. मंगलदास मार्केटात कापडाच्या दुकानी. दहावी पास झाला आणि त्याच महिन्यात तिथे लागला. सकाळी नऊ ते रात्री नऊ, ताग्यांची चढउतार. पगार आईच्या हातात द्यायचा. "वाण्याकडे गेलो की तो मला शेठ म्हणायचा, चेष्टेने. पण वही माझ्यासमोर उघडायचा, बाबांसमोर नाही." हे सांगताना तो सावरून बसला. सतराव्या वर्षी तो घरचा कर्ता झाला होता. हाल होते, पण त्या हालात त्याला काम होतं, आणि कामाला मान होता.

बहीण शाळेत असायची. शाळा सुटली की पाचपर्यंत शाळेतच, कारण महापालिकेच्या त्या शाळेतल्या एका बाईंनी तिला आणि आणखी दोघी-तिघींना मागे थांबवून घ्यायला सुरुवात केली होती. शिष्यवृत्तीचा अभ्यास हे कारण. तिला आता वाटतं की बाईंना तिच्या घरचं माहीत होतं. बाई डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणायच्या, म्हणायच्या, "मला जात नाहीत गं, संपव."

धाकटा म्हणाला, "बाबांजवळ."

काय करायचास?

"काही नाही. बसायचो. बाबा गॅलरीतनं गिरणीच्या चिमणीकडे बघत बसायचे. कधी क्वार्टर आणायला पाठवायचे. सुटे उरले तर लिमलेटची गोळी माझी."

मारायचे?

"नेहमी नाही." थोडं थांबून, "मारायचे नाहीत तेव्हा बोलायचे पण नाहीत."

म्हणजे दुपारी तीन वाजता त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोनच माणसं होती: काम गेलेला बाप आणि सहा वर्षांचं पोर. ज्या घराबद्दल थोरला "आम्ही पण तिथेच वाढलो" म्हणतो, त्या घरात तो झोपण्यापुरता यायचा. पत्ता तिघांचा एकच होता, पण बालपण तिथे एकट्या धाकट्याचं गेलं.

या जागी मला ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं काम फार उपयोगी पडलं. १९३० च्या महामंदीतून गेलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या दोन गटांचा त्याने कितीतरी वर्षं मागोवा घेतला. ओकलंडची मुलं १९२०-२१ सालची, म्हणजे मंदीत किशोरवयीन. बर्कलीची १९२८-२९ सालची, म्हणजे मंदी आली तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरलेली. पैशाची ओढाताण दोन्हीकडे. पण ओकलंडच्या मोठ्या मुलांनी बाहेर कामं धरली, मुलींनी घर सांभाळलं, आपल्यावाचून अडतं हे त्यांना कळलं, आणि पुढे त्यांतली बरीच मुलं सावरली. बर्कलीच्या मुलांचं, त्यातही मुलग्यांचं, जास्त नुकसान झालं. गरिबी त्यांच्यापर्यंत पोचायची ती बापाच्या चिडण्यातून, त्याच्या बेभरवशाच्या वागण्यातून.

ओकलंड कुठे आणि लालबाग कुठे. तिथल्या निष्कर्षाचा शिक्का उचलून इथे मारू नये, हे मान्य. पण चार वर्षं आणि पंधरा वर्षं यांतला फरक या घरात इतका उघड आहे की धाकट्याच्या "स्वभावा"कडे वळण्याआधी तो बाजूला सारता येत नाही.

ताईचं म्हणणं

बहिणीला घरात सगळे ताईच म्हणतात, थोरलासुद्धा. ती महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. नातेवाइकांत तिचं उदाहरण कायम दिलं जातं: बघा, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून कुठे पोचली.

तिला स्वतःला हे ऐकून वीट आला आहे. "दिव्याखाली अभ्यास केला म्हणून पास झाले नाही मी. दिव्याखाली अभ्यास करूनही पास झाले. घरात दिवा असता तर जास्त मार्क पडले असते, एवढंच." अठराव्या वर्षी ती नर्सिंगला लागली. वसतिगृह आणि महिन्याला विद्यावेतन. "तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा रोज दोन्ही वेळा वेळेवर जेवण मिळालं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले तर आईने ओळखलंच नाही, इतकी भरले होते. माझं डोकं चालायला लागलं ते तेव्हापासून. लोक म्हणतात उपासाने घडवलं, मला तर जेवणाने घडवलं."

या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हेच. तिच्या यशाच्या गोष्टीतून एकेक दुवा काढून पाहिला, तर प्रत्येक दुवा हालांच्या विरुद्ध बाजूचा निघतो: जास्तीच्या दोन पोळ्या आणणाऱ्या बाई, उधारी लिहून ठेवणारा वाणी, चाळीतल्या मंडळाची अभ्यासिका, वसतिगृहाचं ताट, विद्यावेतन. हाल होते म्हणून ती पुढे गेली नाही. हालांना जागोजागी कुणीतरी अडवून धरलं म्हणून गेली. पण पंगतीत गोष्ट सांगताना अडवणारे गळून पडतात आणि श्रेय हालांना मिळतं.

हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा आजारपण असं बरंच एकत्र आलं होतं, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस, आईबापांपैकी किंवा बाहेरचं. आपल्याकडे हा एक तृतीयांशाचा आकडा भाषणात येतो. उरलेल्या दोन तृतीयांशांवर भाषण कोण देणार?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे थोरल्याचं लाडकं वाक्य. पाथरवटाच्या अंगणात तडकून टाकलेले दगड मोजायला मात्र देवळात आलेला भाविक जात नाही. संपानंतर जी कुटुंबं कायमची गावाला गेली, ज्यांचे कागद हरवले, ज्यांची मुलं नव्वदीच्या दशकात कुठल्या ना कुठल्या टोळीच्या मागे गेली, ती सोडतीच्या रांगेत नसतात. रांगेतल्यांना विचारून गिरणगाव कसं "तावून सुलाखून" निघालं ते ठरवायचं, तर उत्तर आधीच ठरलेलं आहे.

मुंबईला ही सवय जुनीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ११ जुलै २००६ ला लोकलमधल्या बाँबस्फोटांत दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा लोक लगोलग कामाला निघाले आणि शहराच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले. रोजंदारीवाला दुसऱ्या दिवशी घरी बसला तर खाणार काय, हा प्रश्न त्या गोडव्यांत बसत नाही. नाले कुणी साफ करायचे होते, हा तर नाहीच.

थोरल्याचा हिशेब

थोरल्याला खोटं पाडावं असा माझा हेतू नाही, आणि पुरावाही तसा नाही. त्याची हिंमत खरी आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरुवातीला लोकल पूर्ण बंद होत्या आणि अत्यावश्यक सेवेतल्या माणसांना बेस्टच्या गाड्या नेत होत्या, तेव्हा त्याने ड्यूटी चुकवली नाही. आजूबाजूचे हादरलेले असताना तो शांत होता, हे त्याची बायकोही सांगते. थोडंफार सोसलेली माणसं पुढच्या धक्क्याला, काहीच न सोसलेल्यांपेक्षा बरी तोंड देतात, असं मार्क सिअरी आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पुष्कळ सोसलेल्यांची अवस्था पुन्हा खालावते. "थोडंफार" कुठे संपतं ते आधी कुणालाच कळत नाही, ही त्यातली मेख.

पण थोरल्याच्या वहीत खर्चाची बाजूही आहे. चाळिशीच्या आत रक्तदाब आणि साखर. १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा यांनी अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या हजारो प्रौढांच्या बालपणाची आणि तब्येतीची सांगड घालणारा अभ्यास मांडला. बालपणी जितक्या प्रकारची संकटं जास्त, तितका पुढे व्यसन, नैराश्य आणि हृदयविकार यांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. एका माणसाच्या साखरेचं कारण अशा अभ्यासावरून काढता येत नाही, तसं मी म्हणतही नाही. पण "मला काही झालं नाही" हे त्याचं विधान डॉक्टरच्या फाइलशी जुळत नाही.

दुसरी किंमत घरात दिसते. आमच्या बैठकीत झेरॉक्सचे जे कागद अर्धेच छापलेले होते, त्यांचा कोरा अर्धा भाग तो घडी घालून, नखाने दाबून, अलगद फाडायचा आणि खिशात ठेवायचा. कुणाचं लक्ष नाही असं पाहून. निवृत्तीला आलेला, फ्लॅटचे हप्ते फेडलेला माणूस. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, फोन आईला करतो. "प्रत्येक जेवणाला बाबा त्यांचा १९८२ सालचा भात वाढायचे," असं तो मला फोनवर म्हणाला. सहलीचे पैसे मागितले की हेच, ताप आला की हेच. थोरल्याला वाटत होतं, आपण मुलाला कणखर करतोय.

धाकट्याबद्दल त्याला इतकी चीड का, याचंही उत्तर मला इथेच सापडलं. धाकट्याच्या वागण्याला परिस्थिती कारण आहे असं मान्य केलं, की थोरल्याला वाटतं आपण जे केलं त्याला कवडीची किंमत उरली नाही. एकदा तो चढ्या आवाजात म्हणाला, "मग माझ्या सोसण्याला काही अर्थच नाही का?"

ताई म्हणाली, "दादा, तू कमवून आणलंस म्हणून आम्ही जगलो. संपामुळे नाही जगलो. तुझं श्रेय संपाला कशाला देतोस?"

तो त्यावर काही बोलला नाही. पटलं असं मी म्हणणार नाही.

धाकटा

त्याच्याबद्दल लिहायला कमी आहे, कारण तो कमी बोलतो. आठवीत दोनदा नापास, शाळा सुटली. पंधरा-सोळाव्या वर्षी नाक्यावरच्या पोरांत, एकदा पोलीस कोठडी. त्याच सुमाराला वडील गेले. पुढे लालबागच्या एका डेकोरेटरकडे हंगामी काम, गणपतीपासून लग्नसराई संपेपर्यंत. दारू विशीपासून. लग्न झालं, टिकलं नाही. आईचं औषधपाणी, दवाखाना, आंघोळ तो एकटा करतो आणि त्यात चुकत नाही. कुटुंबात कुणी याचा उल्लेख केला नव्हता. मला ते आईकडून कळलं: "पितुय, पन मला उपाशी ठेवून न्हाय पित."

माणूस म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आईचे पैसे दारूत गेले आहेत, एकदा तिची औषधंही राहिली. चारचा होता तेव्हाचं त्याच्या हातात नव्हतं, पण पन्नाशीजवळ आल्यावर व्यसनमुक्तीच्या गटाला जायचं की नाही, हे बरंचसं त्याच्या हातात आहे. तो काही आठवडे गेला, गणपतीचं काम सुरू झालं तसं सुटलं, पुन्हा जायला लागला आहे.

तडजोड

शेवटी ठरलं ते असं. आईच्या मागे घर तिघांच्या नावावर राहील, एकट्याला विकता येणार नाही. धाकट्याला हयातभर राहण्याचा हक्क. मेंटेनन्स त्याने भरायचा. सलग थकला तर ताई भरेल आणि तसं थोरल्याला कळवेल. थोरल्याने साडेनऊ लाख परत मागितले नाहीत. त्याची अट एकच होती: घराचे सगळे पैसे आपण भरले, हे कागदावर यावं. कुणाचा आक्षेप नव्हता. उलट, ते वाक्य तळाला टाकलं होतं ते पहिलं घ्या, असं धाकट्यानेच सांगितलं. मसुदा त्याप्रमाणे बदलला.

आईने अंगठा दिला, ताई आणि धाकट्याने सह्या केल्या. थोरला "घरी नीट वाचतो" म्हणून कागद कल्याणला घेऊन गेला. कागद अजून परत आलेला नाही. दर महिन्याला मी फोन करते. दर वेळी तो आधी विचारतो, धाकटा गटाला जातो का, आणि मग म्हणतो, पुढच्या आठवड्यात पाठवतो.